जॉन हर्शेल यांची रोजची पत्रे

प्रश्न: इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल (१७९२–१८७१) यांचा पत्रव्यवहार अभ्यासताना केवळ गाजलेली वैज्ञानिक पत्रे वाचावीत, की घरगुती पत्रांनाही तितकेच महत्त्व द्यावे?

उत्तर: दोन्ही वाचावीत, कारण १८३४ ते १८३८ या काळात दक्षिण आफ्रिकेतील केप येथून दक्षिण आकाशाचे निरीक्षण करताना ते जर्मनीतील हॅनोव्हरला राहणाऱ्या आपल्या आत्याला, म्हणजे धूमकेतू शोधणाऱ्या कॅरोलिन हर्शेल यांना, पत्रे लिहीत असत, तेथे जिव्हाळा आणि विज्ञान वेगळे काढणे मला तरी अशक्य वाटते.

दुसरे उत्तर: सहमत आहे, तरीही सजीवांच्या नामशेष जातींच्या जागी नव्या जाती येण्याला ‘रहस्यांचे रहस्य’ म्हणणारे, भूवैज्ञानिक चार्ल्स लायल यांना १८३६ मध्ये लिहिलेले पत्र आधी वाचावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. छायाचित्रणाचे आद्य संशोधक टॅलबट यांच्याशी १८३९ मध्ये त्याविषयी झालेला पत्रव्यवहारही वाचायला घेतो.