बीपी असताना जिममधलं ग्रोथ हार्मोन चालतं का? भावाचं क्रिएटिनीन वाढलंय

प्रश्न
नमस्कार मंडळी, जरा घाबरलेच आहे म्हणून लिहितेय. धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, दोन वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे, टेल्मिसार्टन ४०. परवा फ्रिजमध्ये ताकाचं पातेलं ठेवायला गेले तर दाराच्या कप्प्यात लिंबांच्या मागे बारक्या बाटल्या आणि इन्सुलिनच्या असतात तशा सिरिंज. मला वाटलं ह्याला शुगर निघाली आणि सांगत नाहीये. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला ग्रोथ हार्मोन आहे, जिममधल्या सरांनी दिलंय, तीन महिने झाले. ओढत नेऊन टेस्ट केल्या तर बीपी १५२/९८ आणि क्रिएटिनीन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) १.४, मागच्या वर्षी १.० होतं. सर म्हणतात मसल वाढले की क्रिएटिनीन वाढतंच, टेन्शन नको. हे खरंय का?

उत्तर १
ताई, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. सरांचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि म्हणूनच जास्त धोक्याचं आहे. क्रिएटिनीन स्नायूंमधून येतं, क्रिएटिन पावडर घेत असेल तरी वाढतं, पण म्हणून १.४ ला मसलचं आहे म्हणून सोडून द्यायचं नसतं, तेही बीपीवाल्याचं. सिस्टॅटिन सी नावाची रक्ताची टेस्ट करून घ्या, तीही किडनीचं काम दाखवते पण मसलवर फारशी अवलंबून नसते. आणि सकाळच्या पहिल्या लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनीन रेशो (अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं एक प्रोटीन), ते ३० च्या आत पाहिजे. आदल्या दिवशी जिम बंद ठेवायला सांगा नाहीतर व्यायामानेच अल्ब्युमिन वाढलेलं दिसतं आणि रिपोर्टवरून काहीच कळत नाही.

उत्तर २
मी हे स्वतः भोगलंय म्हणून सविस्तर लिहितो. मला ॲक्रोमेगली होती, म्हणजे मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ आणि त्यातून हेच हार्मोन भरमसाट सुटत होतं. बूट ८ नंबरचे १० झाले, लग्नातली अंगठी सोनाराकडे जाऊन कापावी लागली आणि बीपी तीन गोळ्यांनीही ऐकेना. डॉक्टरांनी समजावलं ते असं: हे हार्मोन किडनीला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतं, त्यामुळे अंगावर सूज आणि बीपी वर. शिवाय ह्याच्या जोरावर लिव्हर आयजीएफ-१ नावाचं दुसरं हार्मोन बनवतं, त्याने किडनीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि गाळणी जास्त वेगाने चालायला लागते. कागदावर हे छान दिसतं पण बीपीने आधीच ताण असलेल्या गाळणीवर आणखी दाब येतो, लघवीतून प्रोटीन जायला लागू शकतं. उंदरांवरच्या प्रयोगात कायम जास्त हार्मोन असलेल्या उंदरांच्या गाळण्या कडक होऊन बाद झाल्या. माझं नाकातून ऑपरेशन झालं, आता एकाच गोळीवर आहे.
भावाच्या पायावर मोज्याचे वळ उठतात का बघा. आणि सांधे दुखतात म्हणून डायक्लोफिनॅक वगैरे खात असेल तर ते आधी थांबवा, बीपीच्या ह्या गोळीबरोबर त्या किडनीला फार वाईट. पण बीपीची गोळी मात्र मनाने बंद करू नका.

उत्तर ३
एक सांगू का, हार्मोनच विष आहे असं कृपा करून कोणी म्हणू नका. माझ्या ९ वर्षांच्या लेकीला किडनीचा आजार आहे, उंची खुंटली म्हणून डॉक्टरांनीच हे इंजेक्शन चालू केलंय, रोज रात्री मीच देते. पण डोस वजनावर ठरवलेला असतो आणि शुगर, थायरॉईड, किडनी सगळं तपासत असतात. तुमच्या भावाला कोण बघतंय? बाटल्या जशाच्या तशा पिशवीत घालून नेफ्रोलॉजिस्टकडे, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांकडे न्या, आत नेमकं काय आहे आणि सोबत स्टिरॉइड चालू आहे का हेही तिथे खरं सांगू दे, त्यानेही बीपी चढतं.

प्रश्नकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. मोजे काढायला लावले, घोट्याच्या वर खोल वळ होते आणि अंगठीही निघेना, साबण लावून काढली. ते बघून तोच गप्प झाला. गुडघ्यासाठी रोज एक पेनकिलर घ्यायचा, ती बंद केली. इंजेक्शन काल घेतलं नाही, बाटल्या बर्फाच्या डब्यात भरून ठेवल्यात. उद्या सकाळी लघवीचा नमुना देऊन तसंच डॉक्टरांकडे जातोय.