हँडीकॅममधलं शूटिंग कॉम्प्युटरवर येईना, रविवारच्या आत पाहिजे

माळरान:
मंडळी, अर्जंट आहे. जुन्या हँडीकॅममधलं शूटिंग कॉम्प्युटरवर घ्यायचंय. केबल लावली की आवाज येतो, नवा ड्राइव्ह दिसतो, आत चार फोटो आणि व्हिडिओ एकही नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तर सगळं चांगलं दिसायलंय! रविवारी बापूंची एकसष्टी आहे, हॉलमध्ये दाखवायचंय. लातुरात दुकानदार "आता असलं काही येत नाही" म्हणून वाटेला लावायलेत. कोणतं सॉफ्टवेअर टाकू तेवढं सांगा, बाकीचं मी बघतो.

गोदाकाठ:
कॅमेरा कॅसेटचा, कार्डाचा का छोट्या डीव्हीडीचा? मॉडेल कोणतं? केबल कुठली? विंडोज कुठलं?

देशी_जुगाड:
काही विचारू नका, ईझीकॅप मागवा, व्हिडिओ कॉम्प्युटरवर घ्यायची यूएसबीची बारकी डबी. पिवळी-पांढरी-लाल वायर कॅमेऱ्यातून त्यात, ते यूएसबीत, की झालं. माझ्या मेव्हण्याच्या लग्नाचं सगळं असंच काढलंय.

माळरान:
कॅसेटचाच आहे हो, हँडीकॅम म्हटल्यावर दुसरं काय असणार. केबल कॅमेऱ्यासोबत आलेलीच आहे. सॉफ्टवेअर सांगा.

गोदाकाठ:
कार्डाचे आणि डीव्हीडीचेही हँडीकॅम निघाले होते, म्हणून विचारलं. कॅसेट काडेपेटीपेक्षा जराशी मोठी आहे, का गाण्याच्या जुन्या कॅसेटएवढी? आणि कॅमेऱ्यावर "डीव्ही" किंवा "आय-लिंक" लिहिलेलं चौकोनी बारकं भोक आहे का?

हुरडा_पार्टी:
एकसष्टीला आधी जेवणाचं बघा, व्हिडिओ कोण बघतंय! हॉल कुठला घेतलाय?

माळरान:
कॅसेट लहान आहे, वर मिनी डीव्ही लिहिलंय. भोक आहे, झाकणाखाली. त्याची केबल आमच्याकडं कधीच नव्हती. शूटिंग २००५-०६ चं असंल, आजोबा आहेत त्यात, शेतातल्या आखाड्यावरचा हुरडा आहे. विंडोज १०, लॅपटॉप.

गोदाकाठ:
आता कळलं. कॅसेटमध्ये फाईल नसते, त्यामुळं ड्राइव्हमध्ये व्हिडिओ दिसणारच नाही. तुमच्या यूएसबीतून कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डावरचे फोटो येतायत. व्हिडिओ त्या बारक्या भोकातून येतो, त्याला फायरवायर म्हणतात. कॅमेऱ्याकडं ४ पिनचं टोक, डेस्कटॉपकडं बहुतेक ६ पिनचं. टेप वाजत राहते आणि कॉम्प्युटर लिहून घेतो. एका तासाच्या कॅसेटला एक तासच लागतो, घाई चालत नाही. तासाला साधारण १३ जीबी जागा मोकळी ठेवा.

माळरान:
म्हंजे लॅपटॉपला होणारच नाही का? ऑनलाइन फायरवायर टू यूएसबी कनेक्टर दिसायलंय, स्वस्त आहे.

गोदाकाठ:
ते घेऊ नका! नुसता आकार बदलणारा तुकडा आहे, दोन्हीकडची भाषाच वेगळी. कॅमेऱ्याचं पोर्ट जळायची भीती वेगळीच. डेस्कटॉप असला तर आत फायरवायरचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड बसतं, त्यानं ते भोक मिळतं.

देशी_जुगाड:
बघा, मी म्हटलं होतं. कार्ड शोधा, केबल शोधा, तोवर बापूंची पंचाहत्तरी येईल. ईझीकॅप!

गोदाकाठ:
टेपवर डिजिटल आहे. पिवळ्या वायरीतून काढलं की ते ॲनालॉग होतं आणि पुन्हा डिजिटल होतं, रंग फिके, कडा धूसर. आजोबांचं शूटिंग परत होणार नाही, एकदाच काढायचं तर नीट काढा.

देशी_जुगाड:
हॉलच्या प्रोजेक्टरवर कोणाला कडा दिसतात, सर?

घाटी_रोड:
दोघांचंही बरोबर. रविवारसाठी ईझीकॅप, नंतर सावकाश फायरवायर. पण आधी लग्नाचं शूटिंग करणारा एखादा जुना स्टुडिओ गाठा. २००० नंतरची आठ-दहा वर्षं त्यांचं सगळं काम मिनी डीव्हीवर चालायचं, एखादा जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात पडलेला असतोच. गांधी चौकातल्या झगमगीत दुकानात विचारू नका, तिथं ड्रोन विकतील.

ड्रोनवाला_बीड:
ड्रोनचं काम असलं तर सांगा, एकसष्टीला सूट देऊ.

हुरडा_पार्टी:
त्या शूटिंगमधला हुरडा गूळभेंडी ज्वारीचा का सुरतीचा? आता गूळभेंडी पेरतंय कोण!

माळरान:
गूळभेंडीचाच. जरा विषयावर या की राव. उदगीरला आत्याच्या गावचे एक स्टुडिओवाले काका आहेत. फोन केला, त्यांच्याकडं कॉम्प्युटर आहे, केबल पण आहे. विंडोज एक्सपी. चालंल का?

गोदाकाठ:
उलट सोन्याहून पिवळं. विंडोज १० वर कधीकधी १३९४ चा (म्हणजे फायरवायरचाच) जुना "लेगसी" ड्रायव्हर निवडावा लागतो, एक्सपीवर ती कटकट नाही. आता तुमचं लाडकं सॉफ्टवेअर: विनडीव्ही. बारकं आहे, फुकट आहे. पण आधी हे वाचा. केबल लावताना कॅमेरा बंद ठेवा. मग प्लेबॅक मोडमध्ये चालू करा, रेकॉर्डवर बटण जायला नको, नाहीतर आजोबांवर स्टुडिओचा कोपरा छापला जाईल. कॅसेटच्या पाठीवरची बारकी सरक पट्टी "सेव्ह" कडं करून घ्या. कॅसेट बऱ्याच वर्षांनी बाहेर काढताय, एकदा शेवटपर्यंत पुढं नेऊन परत मागं आणा. चित्रात चौकोन-चौकोन आले तर हेड क्लीनर कॅसेट फिरवा, कापसाचा बोळा घालू नका. कॅमेरा अडॅप्टरवरच चालवा, जुनी बॅटरी मधेच दगा देते.

घाटी_रोड:
आणि लोडशेडिंगचं टाइम बघून जा. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर असतो, कॅमेऱ्याचा अडॅप्टर दुसऱ्याच बोर्डात असतो.

माळरान:
झालं! दोन कॅसेट उतरल्या. आता फाईल पेनड्राइव्हवर जाईना, "फाईल मोठी आहे" म्हणतंय. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा आहे, रिकामा आहे!

गोदाकाठ:
पेनड्राइव्ह फॅट३२ प्रकारात फॉरमॅट केलेला असेल, त्यात ४ जीबीच्या वरची एक फाईल मावत नाही. हार्ड डिस्क नेली असती तर, असो. घरी विंडोज १० वर पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या, एक्सपीला ते वाचायला अपडेट लागतं. नाहीतर एनटीएफएस करा, एक्सपीला ते चालतं. हॉलसाठी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून एमपी४ बनवा, डीइंटरलेस चालू ठेवा, नाहीतर हलणाऱ्या हातावर कंगव्यासारख्या रेघा दिसतील. मूळ फाईल पुसू नका.

देशी_जुगाड:
ईझीकॅप असतं तर एव्हाना दाखवून झालं असतं.

माळरान:
एनटीएफएस केलं, फाईल जायली. बाकीच्यांना धन्यवाद. जेवण आमच्या वाड्यातच आहे, हुरडा_पार्टी यांनी यावं.

तेरणाकाठ:
माझ्याकडं मोठी व्हीएचएस कॅसेट आहे, बुरशी लागलेली. इथंच विचारू का नवा धागा काढू?