दोन दिवसांच्या वर्कशॉपने पीजीच्या पोरांना संशोधन लिहिता येतं का?

मांडवीकाठ :
दरवर्षी डिझर्टेशन (एम.ए., एम.कॉम.च्या शेवटी लिहायचा प्रबंध) जमा करायची तारीख जवळ आली की सगळीकडे तोच कार्यक्रम. रिसर्च मेथडॉलॉजीवर, म्हणजे संशोधन कसं करायचं ह्यावर, दोन दिवसांचं वर्कशॉप, बाहेरून आलेले रिसोर्स पर्सन, न संपणाऱ्या स्लाइड्स, दुपारी पुलाव, शेवटी सर्टिफिकेट नि ग्रुप फोटो. आणि तिसऱ्या दिवशी पोरगी विचारते, सर लिटरेचर रिव्ह्यू (आधीच्या अभ्यासांचा आढावा) म्हणजे नक्की काय लिहायचं?

माझं म्हणणं सरळ आहे, हे वर्कशॉप बंद करा. तोच वेळ पहिल्या सेमेस्टरपासून रोजच्या पेपरात घाला. पंधरा दिवसांनी एक पान लिहून घ्यायचं, शिक्षकाने त्यावर शेरे मारायचे, पोराने तेच पान परत लिहायचं आणि मार्क द्यायचे ते फक्त दुसऱ्या पानाला. लिहायला शिकायचा दुसरा रस्ता मला तरी माहीत नाही.

उदाहरण देतो. पोरं विषय आणतात "गोव्यातील खाजन शेती : एक अभ्यास". खाजन म्हणजे बांध घालून खाडीचं खारं पाणी अडवलेली शेतं. पण ह्या विषयात प्रश्नच नाही, मग उत्तर कसलं शोधणार? पण तोच पोरगा स्वतःच्या गावातल्या बांधाबद्दल बोलायला लागला की आपोआप प्रश्न निघतात. पूर्वी बांध आणि मानशीची (खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायच्या वाटेची) दारं गावाच्या सामाईक जमिनी बघणारी गावकरी संस्था सांभाळायची, १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी हळूहळू कुळांच्या संघटनांकडे गेली, मग आज बांध फुटला तर खर्च कोण करतो, मानशीच्या मासळीच्या लिलावाचे पैसे कुठे जातात, शेत पडीक टाकलेला माणूस वर्गणी देतो का? झाला की विषय! एका गावाचा, जाऊन विचारता येण्यासारखा. आता हे स्लाइड दाखवून होत नाही, त्याच्यासमोर बसून दोनचारदा "म्हणजे काय रे?" असं विचारावं लागतं.

जुना प्राध्यापक :
ऐकायला झकास आहे. वाचणार कोण? वर्गात चाळीस पोरं, प्रत्येकाचं पान दोनदा वाचायचं म्हणजे पंधरवड्याला ऐंशी पानं आणि ही एका पेपरची गोष्ट झाली. निम्मे शिकवणारे लेक्चर बेसिसवर, त्यांना तासाचे पैसे मिळतात, पानं तपासायचे नाहीत. बाकीचे आम्ही नॅकच्या (कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या) फायली भरतो. तुम्ही वर्कशॉपला हसता, पण निदान त्यात सगळ्यांना एकदा तरी एपीए (संदर्भ लिहायची पद्धत) म्हणजे काय, हायपोथेसिस (तपासून बघायचं गृहीतक) म्हणजे काय हे कानावर पडतं. शून्यापेक्षा बरं.

आणि दुसरं, एक परिच्छेद सलग लिहिता येत नाही असा मुलगा एम.ए.पर्यंत पोचतो कसा? हे काम बारावीत, फार तर डिग्रीच्या पहिल्या वर्षी व्हायला हवं होतं. आम्ही किती मागे जाऊन शिकवायचं?

कॉमर्सवाला :
मी वेगळंच विचारतो, सगळ्यांना डिझर्टेशन कशाला? माझ्या बॅचमधले निम्म्याहून जास्त जण बँकेच्या परीक्षा नि सरकारी नोकरीच्या फॉर्मसाठी एम.कॉम. करत होते, संशोधन करायची कोणाला हौस नव्हती. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२४ च्या पीजी फ्रेमवर्कमध्येच पर्याय दिलाय, दुसऱ्या वर्षी नुसता कोर्सवर्क, किंवा एक सेमेस्टर कोर्सवर्क नि एक सेमेस्टर रिसर्च, किंवा पूर्ण वर्ष रिसर्च. ज्याला करायचंय त्याला नीट करू द्या ना. बाकीच्यांकडून जबरदस्तीने ऐंशी पानं काढून घेतली तर ते म्हापशाच्या झेरॉक्सवाल्याकडून जुनी प्रत आणणारच, मग नैतिकतेवर भाषणं देऊन काय उपयोग.

मांडवीकाठ :
@जुना प्राध्यापक, सर, सगळ्यांची सगळी पानं वाचा असं कोण म्हणतंय. दर वेळी दहा पानं उचला, वर्गात प्रोजेक्टरवर लावा, नाव झाकून, आणि सगळ्यांसमोर दुरुस्त करा. बाकीची पोरं आपापल्या पानात तीच चूक शोधतात. आणि "बारावीत व्हायला हवं होतं" हे बारावीचे शिक्षक दहावीबद्दल म्हणतात, दहावीचे सातवीबद्दल, असं करत आपण बालवाडीत पोचू.

@कॉमर्सवाला, पर्याय असावा, मान्य. पण बँकेत गेलास तरी कोणीतरी सर्व्हे दाखवणारच की, तो खरा का खोटा हे कळायला नको? हेच बघ. एका डिझर्टेशनचा टायटल "गोव्यातील ग्राहकांची ऑनलाइन खरेदीची सवय". पद्धत काय, गूगल फॉर्म केला, वर्गाच्या नि नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, साठेक जणांनी भरला, बहुतेक सगळे विशी-पंचविशीतले. आणि चॅप्टर तीनमध्ये लिहिलंय "रँडम सॅम्पलिंग पद्धत वापरली". अरे बाबा, रँडम म्हणजे वाटेल तसं नव्हे! काणकोणच्या साठ वर्षांच्या बाईला आणि तुझ्या बाजूच्या बाकावरच्या मित्राला त्या यादीत यायची संधी किती हे आधीच ठरलेलं असावं लागतं. हे कन्व्हीनियन्स सॅम्पल आहे, म्हणजे हाताशी आले ते लोक, आणि तसं असणं काही गुन्हा नाही, फक्त तसं लिही आणि निष्कर्षात "गोव्यातील ग्राहक" न म्हणता "प्रतिसाद देणारे तरुण" म्हण. पुढे काय-स्क्वेअर टेस्ट (दोन गोष्टींचा संबंध आहे का ते तपासणारी) लावली होती, टेबलात अर्ध्या खणांत अपेक्षित आकडा ५ च्या खाली, म्हणजे ती टेस्ट तिथे भरवशाची राहत नाही. कोणी बघितलंच नाही. बाइंडिंग मात्र सोनेरी अक्षरात.

पेडण्याची पोर :
मी सध्या एम.ए. करतेय, म्हणून बोलू का? तुम्ही सगळे शिक्षकांच्या बाजूने बोलताय. आमचा खरा प्रॉब्लेम म्हणजे शाळा मराठीतून, विचार मराठीत, आणि अचानक इंग्लिशमधून "क्रिटिकली इव्हॅल्युएट" करायचं. लेखातलं वाक्य समजतं पण स्वतःच्या इंग्लिशमध्ये लिहिलं की लाज वाटते, चुकलं असेल असं वाटतं, मग तेच वाक्य दोन शब्द बदलून लिहितो. चोरी करायचा विचार नसतो ओ. नंतर दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरचा रिपोर्ट येतो २८ टक्के आणि गाइड म्हणतात "दहाच्या खाली आण". कसं आणायचं ते कोणी सांगत नाही, मग आम्ही समानार्थी शब्द घालत बसतो आणि वाक्याचा पार चुथडा होतो.

ग्रंथपाल बार्देश :
पेडण्याच्या ताई, ह्या टक्क्यांचं जरा सांगतो कारण रोज कोणीतरी घाबरून येतं. यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, १० ते ४० मध्ये दुरुस्त करून सहा महिन्यांच्या आत परत द्यायचं, ४० ते ६० मध्ये दुरुस्त प्रत द्यायला एक वर्ष बंदी, ६० च्या वर रजिस्ट्रेशन रद्द. पण मोजताना काही गोष्टी सोडायच्या असतात, संदर्भ देऊन अवतरणात घेतलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्याचा मजकूर, आणि सलग १४ शब्दांपर्यंत योगायोगाने जुळणारं सर्वसाधारण वाक्य. तेव्हा आधी रिपोर्ट उघडून बघा तुमच्या २८ मध्ये संदर्भसूचीच किती आहे ते. बरेचदा तिथेच निम्मं जातं. मशीन साम्य दाखवतं, चोरी आहे का नाही ते माणसाने वाचून ठरवायचं असतं.

आणि लिहिताना एक करा. लेख वाचला की बंद करा, मिटवून ठेवा, आणि मैत्रिणीला सांगतोय तसं त्यात काय होतं ते मराठीत चार ओळींत लिहा, बाजूला लेखकाचं नाव नि पान नंबर. इंग्लिश नंतर. समोर मूळ वाक्यच नसेल तर कॉपी कशाची होणार?

बाकी, वर्कशॉपवाले हे कधी सांगत नाहीत म्हणून सांगतो, १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन चालू आहे, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना उघडी आहेत. शोधगंगा ह्या वेबसाइटवर देशभरचे पीएच.डी. प्रबंध फुकट. झोटेरो हे संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर फुकट, ते वापरलं तर संदर्भसूची आपोआप तयार होते. पणजीत पाट्टोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात गोव्याविषयीचं स्वतंत्र दालन आहे. पणजीच्या पुराभिलेख खात्यात पोर्तुगीज नि मोडी कागद पडून आहेत, ते वाचायला येणारे बाहेरचेच जास्त, आपली पोरं विकिपीडियावर.

डिचोली एक्स्प्रेस :
मग मराठीतूनच लिहू द्या की डिझर्टेशन! इतिहास, समाजशास्त्र, ह्यांना इंग्लिश कशाला पायजे?

जुना प्राध्यापक :
आणि ते महाराष्ट्राच्या बाहेर कोण वाचणार? शिवाय उद्या पीएच.डी.ला दुसऱ्या राज्यात गेली की परत पहिल्यापासून.

डिचोली एक्स्प्रेस :
आता इंग्लिशमध्ये लिहिलेलं कोण वाचतं सर? परीक्षक तरी पूर्ण वाचतात का?

मांडवीकाठ :
मराठी-कोंकणी राजभाषेचा वाद इथे सुरू करू नका, रात्र पुरणार नाही. माझं मत, विचार मराठीत पक्का करा, कच्चा खर्डा मराठीत काढा, शेवटची प्रत ज्या भाषेत मागितलीय त्या भाषेत. पोरांचं इंग्लिश कच्चं दिसतं तिथे अर्ध्या वेळा मुद्दाच कच्चा असतो. लिटरेचर रिव्ह्यू उघडून बघा, अमुक (२०१२) यांनी असं म्हटलं, तमुक (२०१५) यांनी तसं म्हटलं, देवळाच्या वर्गणीची यादी वाचल्यासारखं. ते दोघे एकमेकांशी सहमत आहेत का, एकाने समुद्रकिनाऱ्यावरचं गाव बघितलं नि दुसऱ्याने आतलं, सत्तरी तालुक्यातलं म्हणून फरक पडला का, ह्यावर एक अक्षर नाही. हे मराठीतही जमत नसेल तर इंग्लिश क्लास लावून काय होणार.

कॉमर्सवाला :
तुम्ही लोक कुठल्या जमान्यात आहात 😀 आता चॅटजीपीटीला सांगितलं की लिटरेचर रिव्ह्यू दोन मिनिटात. पाच वर्षांनी हे हाताने लिहायला कोणी शिकणार नाही, उगाच जीव काढताय पोरांचा.

ग्रंथपाल बार्देश :
देतं ना दोन मिनिटात. त्यातले काही संदर्भ जन्मालाच आलेले नसतात. जर्नलचं नाव खरं, लेखकाचं नाव ओळखीचं, वर्ष पण पटण्यासारखं आणि लेख मात्र अस्तित्वातच नाही. पोरं माझ्याकडे येतात, सर हा लेख मिळत नाही. कुठून मिळणार! डीओआय (प्रत्येक लेखाचा कायमचा ऑनलाइन नंबर) टाकून बघा, उघडला नाही की समजा. इंग्लिश सुधारायला वापरा, माझी हरकत नाही, पण तसं लिहून सांगा आणि प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघा. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) मशीन येत नाही तुमच्या जागी बसायला.

पेडण्याची पोर :
सर ते लेख बंद करून मराठीत लिहायचं आज करून बघितलं. एका लेखाला खूप वेळ लागला, पण इंग्लिशमध्ये लिहिताना पहिल्यांदाच मूळ लेखाकडे बघावं लागलं नाही. सगळ्या लेखांना एवढा वेळ दिला तर मार्चपर्यंत होणार कसं तेवढं सांगा.

ग्रंथपाल बार्देश :
सगळ्यांना नको. आधी गोषवारा आणि निष्कर्ष वाचून चाळा, तुमच्या प्रश्नाला थेट भिडणारे दहा-पंधराच असतील, त्यांनाच हा वेळ. बाकीच्यांना एकेक ओळ पुरे.

जुना प्राध्यापक :
ठीक आहे, मांडवीकाठबाब, तुमचं ते नाव झाकून दहा पानं दाखवायचं मी जूनमध्ये पहिल्या सेमेस्टरला एका पेपरात करतो. पण मार्क ठेवणार नाही. दर पंधरवड्याला मार्क म्हटलं की परत नोंदी, परत सह्या, परत मॉडरेशन, ते मला नकोय.

मांडवीकाठ :
मार्क नसतील तर तिसऱ्या पानाला वर्गात पाचजण उरतील सर.

जुना प्राध्यापक :
उरूंदेत. पाच पानं मी दोनदा वाचू शकतो.

कॉमर्सवाला :
मी तेच म्हणत होतो ना वर, ज्याला करायचंय त्यालाच करू द्या 😂

मांडवीकाठ :
तेच नव्हे रे. तू पहिल्याच दिवशी सोडून द्यायला सांगत होतास, हे सगळ्यांना एकदा तरी लिहायला बसवणार आहेत. आणि सर, निदान अंतर्गत परीक्षेच्या वीसातले पाच तरी ठेवा ओ.