विषय: पुष्पचक्र कार्यशाळा, शनिवार

प्रेषक: सांस्कृतिक समिती

नमस्कार मंडळी,
डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी २ वाजता लायब्ररीच्या खालच्या हॉलमध्ये पुष्पचक्र कार्यशाळा ठेवली आहे. प्रत्येकानं आपल्या दारासाठी एक करायचं आणि घरी न्यायचं. साचे आणि तार मंडळाकडून. हिरव्या फांद्या आणि सजावटीचं सामान आपापलं. चहा आणि बटाटेवडे आहेत. गाड्या मागच्या बाजूला लावाव्यात.

---

प्रेषक: एक जुना सभासद

बटाटेवडे म्हटल्यावर येणारच. पण दाराला आपलं झेंडूचं तोरण काय वाईट होतं? नाताळचंच काही करायचं म्हणून करतोय का आपण?

---

प्रेषक: आधी हॅम्बुर्ग, आता इथे

नाताळचे गोल दोन असतात: टेबलावरचा मेणबत्त्यांचा वेगळा आणि दारावरचा वेगळा, एवढंच सांगतो. टेबलावरचा आमच्या हॅम्बुर्गचा. १८३९ मध्ये योहान विखेर्न नावाच्या पाद्र्यानं त्याच्या आश्रमातल्या गरीब मुलांसाठी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. पोरं रोज ‘नाताळ कधी?’ विचारून भंडावत होती म्हणे. रोज एक मेणबत्ती, रविवारी मोठी. आपण करतोय तो दाराचा, त्यात मेणबत्ती नाही. फायर अलार्मची काळजी नसावी.

---

प्रेषक: पुण्याहून, तुमची माजी खजिनदार

प्रिय सगळे,
मी पुण्यात परत आले तरी यादीतून नाव काढलेलं नाही, त्यामुळे बोलणारच.

आधी तो शब्द बदला. पुष्पचक्र म्हटलं की माझ्या पिढीला स्मारक दिसतं आणि हात मागे बांधून उभी राहिलेली मंत्र्यांची रांग. गेल्या वर्षी लेक-जावई नाताळच्या सुट्टीत इथं आले होते. नातू म्हणाला, ‘आजी, रीथ करायचाय.’ मला वाटलं न्हायचंय, मी रिठे काढायला उठले. त्यानं फोनवर चित्र दाखवलं तेव्हा उलगडा झाला. मग केला, हौसेनं केला, आणि दाराला लावला. मधे मधे पांढरी शेवंती खोचली होती, हिरव्यावर छान उठून दिसत होती. तासाभरात समोरचे आजोबा चपलाही न घालता आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, ‘वहिनी, कधी झालं?’ आमचे हे चहाचा कप घेऊन बाहेर आले तेव्हा कुठं त्यांच्या जिवात जीव आला. ह्यांचा राग मात्र अजून गेलेला नाही.

तेव्हा पांढरी फुलं नकोत आणि निमंत्रणात तो शब्दही नको.

आता करायचा कसा ते. तुमच्याकडे तारेचा दुहेरी साचा मिळतो, १२ इंची पुरे. फांद्या चढल्या की तोच १८ इंचांच्या घरात जातो, दार मोजताना हे धरा. मला इथं तसला साचा मिळेना. कॅम्पात सगळे प्लॅस्टिकचे, तयार, चमकी मारलेले. शेवटी बुरूड आळीत गेले आणि म्हटलं, टोपलीचा नुसता काठ वळून द्या. ‘आणि खाली टोपली?’ नको. ‘मग ठेवणार कशात?’ काही ठेवायचं नाही हो. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, दोन ओल्या कामट्या एकमेकींत गुंफल्या आणि पाच मिनिटांत असं कडं हातात दिलं की ते झाकायला जिवावर आलं.

फर आणि स्प्रूस इथं कुठले! पण मोरपंखी निम्म्या सोसायट्यांच्या फाटकाशी उभीच असते. सुरूच्या फांद्या घेतल्या, सुरूची इवली बोंडं तुमच्या पाइनच्या बोंडांची तान्ही भावंडंच. सिल्व्हर ओकची पानं उलटी लावली, कारण रुपेरी बाजू खालची. तुम्ही नाताळची झाडं विकतात तिथं जा. बुंध्याकडच्या छाटलेल्या फांद्या बऱ्याचदा फुकट देतात, लाजू नका.

बांधणं हेच खरं काम. माझे झुबके दोन वेळा घसरून खाली आले. मंडईबाहेर बसणाऱ्या गजरेवालीला ते कडं दाखवलं, तर म्हणाली, ‘ही वेणीच की, गोल केलेली.’ आणि तिनं करून दाखवलं. वीतभर लांबीच्या तीन-चार डहाळ्यांचा एक झुबका. तो कड्यावर आडवा न ठेवता कड्याच्या दिशेनं ठेवायचा, देठांवर तारेचे तीन वेढे, करकचून. तार तोडायची नाही. पुढच्या झुबक्याचे शेंडे मागच्याच्या देठांवर येतील असा तो ठेवायचा आणि तीच तार पुढे न्यायची. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. माझ्या कड्याला १८ झुबके लागले. शेवटचा झुबका लावताना पहिल्याचे शेंडे बोटानं उचलून देठ त्यांच्याखाली सरकवायचे, म्हणजे सुरुवात कुठली ते कळत नाही. तिनं हे बोलत बोलत, गिऱ्हाईक करत करत केलं. मी घरी येऊन दीड तास घेतला.

तार फुलवाल्यांची हिरवी, बारीक घ्या. मी सळ्या बांधायची काळी तार वापरली. पाणी शिंपडलं की दारावर गंजाचे ओघळ. ते पुसायला गेले तर रंगच निघाला.

सजावटीला संत्र्याच्या वाळवलेल्या चकत्या सगळे लावतात. नागपुरी संत्र्याच्या करू नका, तिची साल सुटी, चकती वाळली की कडं एकीकडे आणि गर एकीकडे. मोसंबी घ्या. पाव इंचाच्या चकत्या, ओव्हन २०० फॅरनहाइटवर, तीन-चार तास, मधे उलटायच्या. लाल फळांच्या जागी मी रिठेच रंगवून लावले, काढलेच होते ना! गुंजा लावू नका हं. दिसतात सुंदर, पण बी विषारी आहे, फोडून चावली गेली तर जिवावर बेतू शकतं, आणि लहान पोरं आधी लाल वस्तूच उचलतात. सुक्या मिरच्याही मी लावल्या होत्या. नातवानं तोच हात डोळ्याला लावला. पुढचं सांगत नाही.

आणि तोरणवाल्यांना: तोरण चौकटीला, हा फळीला. दोघांची जागाच वेगळी, भांडण कसलं? झेंडू मात्र तिकडच्या थंडीत एका रात्रीत काळा पडेल. हा महिनाभर टिकतो, फक्त काचेच्या जादा दारामागे लावू नका, ऊन पडलं की मधे भट्टी होते आणि सगळी पानं तपकिरी.

---

प्रेषक: सांस्कृतिक समिती

काकू, मंडळ शरमिंदं आहे. निमंत्रण बदललं: ‘दाराची वेणी’. माझ्या जावेची बहीण महिनाअखेरीस पुण्याहून निघतेय, तिच्याबरोबर सुरूची बोंडं आणि मोरपंखी पाठवता येईल का? आणि गरम गोंदाची बंदूक चालेल ना?

---

प्रेषक: पुण्याहून

मोरपंखी नको, बोंडंही नकोत. विमानतळावर झाडपाला नि बिया दाखवाव्या लागतात, तिच्या बॅगेची उलथापालथ कशाला? बिया काढून फोडलेले रिठेही तुमच्या भारतीय दुकानात मिळतात, पण ते चपटे, गोल दिसायचे नाहीत. त्यापेक्षा लाकडी मणी पाठवते, तुळशीबागेत भरपूर आहेत, आणि चार हात जरीची किनार.

गोंद बोंडांना आणि मण्यांना चालेल. फांद्यांना नाही, ओल्या देठावर तो धरत नाही.

तिला परत येताना लाल रिबनचा एक रोल द्या, कडेला तार असलेली. इथली रिबन बो बांधला की मान टाकते. मखमली नको.