अडुळशाचा काढा नापास, मेथेनॉलचा अर्क पास?

पेट्रीवाला: एमएस्सीचा प्रोजेक्ट चालू आहे. अडुळशाची सुकी पानं एकदा पाण्यात उकळली, एकदा मेथेनॉलमध्ये भिजवली. स्टॅफिलोकोकस या जंतूच्या प्लेटवर मेथेनॉल अर्काच्या डिस्कभोवती स्वच्छ वलय आलं, म्हणजे तिथे जंतू वाढले नाहीत; काढ्याभोवती काहीच नाही. तुलनेसाठी ठेवलेल्या नुसत्या मेथेनॉलच्या कंट्रोल डिस्कभोवती वलय नाही. मग खोकल्यावरचा काढा निरुपयोगीच ना?

खलबत्ता: अरे, खोकल्याचा प्रश्न स्टॅफिलोकोकसला कशाला विचारतोस? अडुळशातलं मुख्य अल्कलॉइड (वनस्पतीत बनणारं नायट्रोजनयुक्त द्रव्य) म्हणजे व्हॅसिसिन. त्याच्या रेणूवर बेतून ब्रोमहेक्सिन घडवलं, आणि ब्रोमहेक्सिनचं शरीरात जे होतं ते अँब्रॉक्सॉल. सिरपच्या बाटलीवर ही नावं वाचली असशीलच. त्यांचं काम जंतू मारणं नव्हे, चिकट कफ पातळ करणं. तुझ्या प्लेटमध्ये कफ आहे कुठे?

काढ्यात व्हॅसिसिन उतरतच नाही असंही समजू नकोस. पानातली अल्कलॉइडं बरीचशी क्षाररूपात असतात आणि क्षार पाण्यात विरघळतात. मेथेनॉल त्यांच्यासोबत पाण्यात न येणारंही पुष्कळ काही ओढून आणतं. वलय त्यातल्या कोणाचं, ते अजून ठरायचंय.

काढण्याची रीत बदलली की अर्कच बदलतो. चीनमध्ये संशोधक यूयू तू यांच्या गटाला मलेरियावर आर्टेमिसिया वनस्पतीच्या अर्काचा गुण कधी दिसे, कधी नाही. उष्णतेने तो जातो असा संशय आल्यावर १९७१ मध्ये त्यांनी इथर वापरलं, जे ३५ अंशांच्या आसपासच उकळतं. तो अर्क उंदरांवर लागू पडला. त्यातूनच पुढे आर्टेमिसिनिन हे मलेरियावरचं औषध हाती आलं आणि २०१५ चं नोबेल मिळालं.

हिरवंपान: म्हणजे काढा आटवून दाट केला की गोळ्या-सिरप नकोतच?

खलबत्ता: ही उडी मात्र नको! एका पानात किती व्हॅसिसिन, ते झाड, ऋतू, वाळवण यांवर बदलतं. आटवलं तर नको ते घटकही दाट होतात. शिवाय व्हॅसिसिनमुळे गर्भाशय आकुंचन पावू शकतो, तेव्हा गरोदरपणी हा प्रयोग नकोच. हृदयाच्या औषधासाठी वापरलेल्या डिजिटॅलिस वनस्पतीचं पान आठवा: इंग्लिश डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये त्याचे रुग्णानुभव छापले, तेव्हाच मात्रा जपण्याबद्दल बजावलं होतं. हृदयाला आधार देणारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत तिथे फारच थोडं अंतर.

पेट्रीवाला: पटलं. पण सर वलयाचे मिलिमीटर मागतात, त्याचं काय करू?

खलबत्ता: दे, पण मिलिमीटरवरून कोणता अर्क जास्त ताकदीचा ते सांगू नकोस. अगार, म्हणजे प्लेटमधली जेली, पाणथळ असतो, त्यात तेलकट रेणू नीट पसरत नाहीत, म्हणून जहाल पदार्थाचंही वलय छोटं दिसू शकतं. दोन्ही अर्क वाळवून वजन कर, मग द्रव माध्यमात पातळ करत करत किमान रोधक मात्रा, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा, काढ. कफाचा मुद्दा प्रोजेक्टमधून सरळ वगळ.