दहापट नव्हे, जवळजवळ बरोबरी

माणसाच्या शरीरात त्याच्या स्वतःच्या पेशींच्या दहापट जिवाणू असतात, असं बऱ्याचदा लिहिलं जातं. तो आकडा आता जुना झाला. २०१६ साली सेंडर, फुक्स आणि मायलो या संशोधकांनी नव्याने हिशेब मांडला: साधारण ३८ लाख कोटी जिवाणू, ३० लाख कोटी पेशी.

मला जास्त गंमत वाटते ती आईच्या दुधाची. त्यात काही शर्करा अशा असतात की बाळाला त्या पचतच नाहीत. मग कशाला असतात? तर बाळाच्या आतड्यातल्या बिफिडोबॅक्टेरिया नावाच्या जिवाणूंसाठी! म्हणजे आई बाळाबरोबर त्याच्या भाडेकरूंनाही जेवू घालते. ते या शर्करांपासून आम्लं तयार करतात, आणि मग उपद्रवी जंतूंना तिथे पाय रोवणं अवघड जातं.

राहिला सिझेरियनचा मुद्दा: अशा बाळांची प्रतिकारशक्ती जन्मभर कमकुवत राहते, असं काही जण म्हणतात. त्या बाळांत सुरुवातीला त्वचेवरचे जिवाणू जास्त सापडतात, हे खरं. पण हा फरक पुढे बराच ओसरतो. शिवाय शस्त्रक्रियेच्या वेळची अँटिबायोटिक्स, उशिरा सुरू झालेलं स्तनपान हेही त्यात मिसळलेलं असतं. त्यामुळे "सिझेरियन म्हणजे जन्मभर कमकुवत प्रतिकारशक्ती" हे विधान मला फारच ताणलेलं वाटतं.