साठ मुलं, दोन नेट आणि मे महिना: क्लब कसा चालवावा?

डावखुरा_विटा

नमस्कार मंडळी. आमच्या क्रिकेट क्लबचे सेक्रेटरी काका मुलाकडे पुण्याला राहायला गेले आणि यंदापासून सगळं माझ्याकडे आलं. मी यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहितो, त्यामुळे क्लबला सकाळ आणि संध्याकाळच देता येते. शाळेचं मैदान, दोन नेट, एक काथ्याची मॅट, एक हातरोलर. एरवी वीस-पंचवीस पोरं असतात, सुट्टीच्या शिबिराला साठ झाली. २०२५ च्या नोव्हेंबरात नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हापासून मुलीही विचारायला येत होत्या. यंदा अकरा जणींनी नाव घातलंय. मला याचा फार आनंद आहे.

पण पालक रोज कठड्यावर उभे राहून विचारतात, "आमच्याला बॅटिंग किती मिळाली?" मॅटवर चेंडू मध्येच खाली बसतो. रात्री त्याच मैदानावर टेनिस बॉलच्या स्पर्धा चालतात, गाड्या थेट पीचवर लागतात. बोअरचं पाणी मे महिन्यात पुरत नाही. फी वाढवून मुलं कमी करा असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. इथे यंत्रमाग कामगारांची पोरं आहेत, तीच आधी गळतील. ज्यांनी असा उन्हाळा काढलाय त्यांनी सांगावं.

क्रीडाशिक्षक_मिरज (निवृत्त)

फी वाढवू नका, तुमचं बरोबर आहे. अडचण पैशाची नाही, वेळ वाटण्याची आहे. हिशेब तुम्ही रोज लिहिताच, तसा हा मांडून बघा. एका मुलाला दहा मिनिटं धरली तर दोन तासांत दोन नेटवर चोवीस जण होतात. साठांना एकाच वेळी बोलावलं तर बाकीची पोरं उन्हात उभी राहून कंटाळतात. वीस-वीसचे तीन गट करा. रोज एका गटाला सकाळी बॅटिंग, दुसऱ्याला संध्याकाळी. तिसऱ्याला त्या दिवशी नेट नाही, त्यांना सकाळी फक्त तासभर कॅच, थ्रो आणि पळणं. दुसऱ्या दिवशी गट फिरवा. आणि बॅटिंग मिनिटांवर मोजू नका, चेंडूंवर मोजा. दहा मिनिटांत एखाद्याला पंधराच चेंडू मिळतात, कारण बॉलर चेंडू शोधत फिरत असतो. प्रत्येकाला तीस चेंडू, आणि वहीत पुढच्या नंबरचा मुलगा लिहिणार. ती वही कठड्यावरच ठेवा. पालकांना उत्तर द्यायची गरज उरत नाही.

आता मॅट. चेंडू खाली बसतो त्यात मॅटचा दोष कमी आणि खालच्या मुरमाचा जास्त. संध्याकाळी मॅट काढून मुरमावर पाणी मारा, भिजेल एवढंच, चिखल नको. रात्रभर मुरू द्या. पहाटे मुरूम दमट असतानाच रोलर फिरवा, मग मॅट टाका. दोन्ही टोकांना दोन-दोन मोठ्या पोरांनी ओढून धरायची आणि मग खिळे ठोकायचे. खिळ्याचं डोकं वर राहिलं तर पाय फाटतो, त्यामुळे शेवटी अनवाणी नाही, बुटांनीच चालत प्रत्येक खिळा तपासा. गुड लेंथच्या जागी, म्हणजे चांगला चेंडू जिथे टप्पा घेतो तिथे, मॅट आधी झिजते. काही दिवसांनी तिची टोकं उलटी करा, म्हणजे झीज वाटली जाते. पाणी कमी असेल तर बाकी मैदान कोरडं राहू द्या, बावीस यार्डांचं पीच सोडू नका.

आणखी एक, जे सहसा कोणी बघत नाही. तुमचे नेट पूर्व-पश्चिम असतील तर सकाळी बॅट्समनचं तोंड पश्चिमेला हवं आणि संध्याकाळी पूर्वेला. उगवतीच्या किंवा मावळतीच्या उन्हात सीझन बॉल, म्हणजे कातडी कडक चेंडू, दिसत नाही, आणि लहान मूल ते सांगतही नाही, घाबरून पाय मागे घेतं. मग आपण त्याला भित्रा ठरवतो. हे मी अनेक मैदानांवर पाहिलंय आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

सीझन बॉल मुरमावर घासून दोन दिवसांत फाटतो. ग्राउंड फिल्डिंगला सिंथेटिक, कॅचला जुने, नेटला बरे.

सकाळ साडेआठला संपवा, कोणी कितीही आग्रह केला तरी. पिंपात साधं पाणी ठेवा, शिवाय लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचाच चमचा. एखादं पोर बरळायला लागलं किंवा अंग तापून ते भेलकांडलं तर सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

रात्रीच्या स्पर्धावाल्यांशी भांडू नका. त्यातली निम्मी पोरं तुमच्याच गावची आहेत. शाळेकडून तुमच्या वेळांची लेखी परवानगी घ्या, तिची प्रत त्यांना द्या आणि पीचभोवती चार खांब रोवून दोरी बांधायला त्यांच्याच मंडळाला बोलवा. ज्याने दोरी बांधली तो तिथे गाडी लावू देत नाही.

कराडची_कीपर

सरांनी सगळं सांगितलं, मी फक्त मुलींचं सांगते. दादा, अकरा मुली आल्यात, त्यातल्या किती जूनमध्ये राहतील हे शाळेच्या स्वच्छतागृहाच्या किल्लीवर ठरेल. सुट्टीत शाळा बंद असते. किल्ली रोज सकाळी कोणाकडे असेल हे आजच ठरवा. आमच्याकडे मुली सोडून गेल्या तेव्हा सगळे म्हणाले घरून पाठवत नाहीत. घरून पाठवत होते, इथे सोय नव्हती.

महिलांचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा असतो, पुरुषांचा १५५.९ ते १६३. तेरा वर्षांखालच्यांना तर १३३ ते १४४. लहान मुलींच्या हातात मोठा चेंडू देऊन "जोर नाही" म्हणू नका. आणि त्यांचा वेगळा कोपरा करू नका, तिन्ही गटांत वाटून टाका, पण एका गटात एकटी पडणार नाही असं बघा. स्मृती मानधना तुमच्याच जिल्ह्याच्या सांगलीत वाढली, हे त्या अकरा जणींना ठाऊक असणारच.

लेस्टरचा_सांगलीकर

इथे आमच्या क्लबच्या ज्युनियर संघात तेरा वर्षांखालच्या वेगवान बॉलरला एका स्पेलमध्ये, म्हणजे एका दमात, पाचच ओव्हर आणि दिवसात दहाच टाकता येतात. इंग्लंडच्या बोर्डाची सूचना आहे. शिबिरात चांगला टाकणारा पोरगा दोन्ही वेळ, सगळ्यांना बॉलिंग टाकत राहतो, कारण त्याचाच चेंडू नीट पडतो. पाठ त्याचीच जाते. बॅटिंगच्या वहीतच त्याचेही चेंडू लिहा.

डावखुरा_विटा

सर, ताई, भाऊ, मनापासून आभार. नेट पूर्व-पश्चिमच आहेत, आणि संध्याकाळी आम्ही पश्चिमेकडे तोंड करूनच खेळवत होतो. उद्यापासून टोक बदलतो. किल्लीसाठी शाळेच्या शिपाई मावशींशी बोलणं झालं, त्यांची नात त्या अकरांतच आहे. एक राहिलं: काल वळीव आला आणि मॅट भिजली. गुंडाळून खोलीत ठेवलीय, चालेल ना?

क्रीडाशिक्षक_मिरज (निवृत्त)

आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. ओली गुंडाळलेली काथ्याची मॅट आतून कुजते, आणि वरून कळत नाही. भिंतीवर किंवा कठड्यावर उलगडून टाका, दोन्ही बाजू खडखडीत वाळू द्या. तोवर मोकळ्या मुरमावर टेनिस बॉलने खेळवा, पोरांचा दिवस बुडवू नका.